पडद्यावरचे पैसे आणि पासबुकातले पैसे

अभ्यासवर्ग : ऑनलाइन कॅसिनोचा 'बोनस' आणि त्याच्या बारीक अक्षरातल्या अटी



डिसेंबरात पुण्याच्या भीमथडी जत्रेत आपल्या गटाचा स्टॉल होता. सिंचननगरच्या मैदानावर दिवसभर नाचणीचे पापड, कुरडया, शेंगदाण्याची चटणी विकून रात्री आम्ही गल्ला मोजायला बसलो. अर्धे पैसे रोख, अर्धे मोबाइलवर आलेले. हिशेब जुळला आणि तेवढ्यात आमच्यातल्या एका ताईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "गटातून पाच हजार मिळतील का? लगेच पाहिजेत. आठ दिवसांत परत करते, पोराचे सत्तावीस हजार यायचेत."

पोरगा शेजारीच उभा होता. सदाशिव पेठेत खोली करून राहतो, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. दोन दिवस आमच्या स्टॉलवर मदतीला आला होता. गुणी मुलगा. मी विचारलं, कुठून यायचेत रे? त्यानं मोबाइल पुढे केला. पडद्यावर हिरव्या आकड्यांत २७,४०० रुपये. खाली इंग्रजीत बारीक काहीतरी. "मावशी, पैसे माझेच आहेत. बोनस मिळाला, त्यावर जिंकलो. फक्त काढायच्या आधी पाच हजार व्हेरिफिकेशनला भरायचेत."

हा पाठ त्या रात्रीतून निघाला. ताईंचं आणि मुलाचं नाव मी लिहिणार नाही. लिहायला दोघांनी हो म्हटलं, एवढं सांगते. आणि 'आमच्या घरात कोणी जुगार खेळत नाही' असं म्हणून पान उलटू नका. त्या ताईही तेच म्हणत होत्या. आपली मुलं आज पुण्यात आहेत; कोणी अभ्यासिकेत, कोणी चाकणच्या कंपनीत, कोणी हिंजवडीला गाडीवर. मोबाइल प्रत्येकाकडे आहे, आणि लिंक पाठवणारा कोणीतरी मित्रही प्रत्येकाला आहे.

कर्जाचा कागद वाचायला आपण शिकलोच आहोत. फ्लॅट दर वेगळा आणि घटत्या शिलकीवरचा दर वेगळा, प्रोसेसिंग फी आधीच कापतात, विम्याचा हप्ता कोणी न विचारता लावतात. हे सगळं आता आपल्याला कळतं. बोनसचा कागदही तसाच वाचायचा. फरक इतकाच, की कर्जात आधी पैसे हातात येतात आणि मग अटी लागतात. बोनसमध्ये आधी अटी लागतात, आणि पैसे हातात येतातच असं नाही.

आधी भिशी समजून घेऊ

बारा जणींची भिशी. प्रत्येकी ५०० रुपये. ६,००० जमतात, चिठ्ठी निघते, जिची निघेल ती पूर्ण ६,००० घेऊन घरी जाते. एक रुपयाही मधे कुठे जात नाही. बरोबर?

आता कॅसिनो. पणजीला मांडवी नदीत दिव्यांनी झगमगणारी जहाजं आपल्यातल्या काहींनी सहलीत लांबून पाहिली असतील, ते कॅसिनो. (गंमत बघा, गोवा सरकारनं २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांनाच तिथे खेळायला मनाई केली आहे. आपल्या माणसांना नको, पाहुण्यांना चालेल.) ऑनलाइन कॅसिनो म्हणजे तेच खेळ मोबाइलवर. त्यातला एक खेळ फिरत्या चाकाचा, त्याला रूलेट म्हणतात. चाकावर शून्यापासून ३६ पर्यंत आकडे, म्हणजे एकूण ३७ घरं. एका आकड्यावर १० रुपये लावले आणि तो आला, तर आपले १० आणि वर ३५० मिळतात. ऐकायला केवढं मोठं वाटतं!

पण हीच भिशी समजून हिशेब करा. ३७ बायका, ३७ आकडे, प्रत्येकीचे १० रुपये. जमा झाले ३७०. जिचा आकडा निघाला तिला मिळाले ३६०. दहा रुपये कुठे गेले? मालकाकडे. दर फेरीला. शंभराला साधारण २ रुपये ७० पैसे. यात कोणी लबाडी केली नाही, चाकही खरं आहे, तरी मालकाचा वाटा बसून आहे. चित्रं फिरवायचे जे स्लॉटचे खेळ असतात, त्यांतल्या पुष्कळांच्या माहितीत ९६ टक्के परतावा असं अभिमानानं लिहिलेलं असतं. म्हणजे शंभराला चार रुपये मालकाचे.

चारच ना, असं एखादी म्हणेल. आपण गटात शंभराला महिन्याला दोन रुपये व्याज घेतोच की. अगं, ते महिन्याला. इथे चार रुपये एका फेरीला, आणि एक फेरी चार-पाच सेकंदांची. ही गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण बोनसची सगळी गंमत यावरच उभी आहे.

फुकटच्या दोन हजारांचा हिशेब

त्या मुलानं आधी तीन वेळा पैसे भरले होते : २,०००, पुन्हा २,००० आणि मग ४,०००. तिन्ही वेळा गेले. त्यानं ॲप काढून टाकलं होतं, म्हणजे शहाणपण आलं होतं. नेमक्या त्याच आठवड्यात टेलिग्रामवर मराठीत मेसेज आला : खास तुमच्यासाठी, १,००० भरा आणि २०० टक्के बोनस मिळवा. हजार भरले की पडद्यावर तीन हजार. कोणाला मोह होणार नाही?

जाहिरात मराठीत होती. अटी इंग्रजीत. ही पहिली खूण. आमच्या शेजारच्या स्टॉलवर कॉलेजात शिकणारी एक मुलगी होती, तिला बसवलं. ती वाचत गेली, मी हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवत गेले. त्यातली मोठी अट ही : 'वेजरिंग ४० एक्स, डिपॉझिट प्लस बोनस, सात दिवस.'

वेजरिंग म्हणजे पैज लावणं. काही ठिकाणी रोलओव्हर असा शब्द असतो, अर्थ तोच. अट सांगते की भरलेले हजार आणि बोनसचे दोन हजार मिळून जे तीन हजार झाले, त्याच्या चाळीस पट रकमेच्या पैजा लावल्याशिवाय एक रुपयाही काढता येणार नाही. तीन हजार गुणिले चाळीस. एक लाख वीस हजार रुपये!

खिशातून एक लाख वीस हजार भरायचे, असं नाही. जिंकलेलं परत लावायचं, हरलेलं भरून काढायचं, असं करत पैजांची बेरीज तिथपर्यंत न्यायची. वीस वीस रुपयांची पैज धरली तर सहा हजार पैजा. सात दिवसांत. रोज ८५० च्या वर. झोपेचे आठ तास सोडले तर तासाला पन्नासच्या वर, म्हणजे जवळपास मिनिटाला एक. जेवताना, आंघोळीला जाताना, अभ्यासिकेत पुस्तक उघडं ठेवून. पोर दिवसभर मान खाली घालून मोबाइल का दाबत होतं, ते त्या ताईंना तेव्हा कळलं.

आता मालकाचा वाटा लावा. शंभराला चार. एक लाख वीस हजारांवर झाले ४,८०० रुपये. आणि पडद्यावर होते किती? तीन हजार. अट पुरी होईपर्यंत सरासरीनं ४,८०० झिजणार आणि आपल्याकडे झिजायला तीनच हजार आहेत. म्हणजे बहुतेकांचा खिसा वाटेतच रिकामा होतो. सरासरी म्हणजे प्रत्येकाचं तसंच होतं असं नव्हे. एखाद्याला मधेच मोठा आकडा लागतो, जसा या मुलाला लागला. त्या एखाद्याचाच फोटो मग जाहिरातीत येतो.

इथे एक बारकावा. काही ठिकाणी अट फक्त बोनसच्या चाळीस पट असते. तेव्हा ८०,००० होतील, आणि त्यावर चार टक्क्यांनी ३,२००. तरीही आपल्या तीन हजारांपेक्षा जास्तच. म्हणून 'किती पट' या प्रश्नाबरोबर 'कशाच्या पट' हेही विचारायचं. फ्लॅट व्याजात आपण 'कोणत्या रकमेवर' विचारतो ना, तसं.

ब्रिटनमध्ये कॅसिनो कायदेशीर आहेत, त्यांना परवाना लागतो. तिथल्या जुगार नियामक आयोगानं १९ जानेवारी २०२६ पासून नियम लावला आहे की बोनसच्या दहा पटींपेक्षा जास्त अट घालायची नाही. जिथे हा धंदा उघड चालतो, तिथेही दहाच्या वर नको म्हणतात; आपल्या मुलांना टेलिग्रामवर चाळीस आणि पन्नास पट गळ्यात मारतात.

वहीच्या मागच्या पानावरच्या बाकीच्या अटी

मोठी अट झाली. बारीक अटी अजून मजेशीर. त्या मुलीनं वाचलं की स्लॉटच्या पैजा पूर्ण धरल्या जातील, पण रूलेट आणि पत्त्यांच्या खेळातल्या पैजा दहा टक्केच धरल्या जातील. म्हणजे चाकावर शंभर लावले तर हिशेबात दहाच. सगळं रूलेटवर खेळायचं म्हटलं तर एक लाख वीस हजारांच्या जागी बारा लाखांच्या पैजा. असं का? कारण रूलेटमध्ये मालकाचा वाटा कमी असतो. जिथे खेळणाऱ्याचं कमी झिजतं, तिथली मजुरी कमी लावायची. रोजगार हमीच्या मोजमापात असं कोणी केलं असतं तर आपण तहसीलवर मोर्चा नेला असता.

पुढची अट : बोनस चालू असताना एका वेळी ४०० पेक्षा जास्त लावायचे नाहीत. लावले तर जिंकलेलं सगळं रद्द. ॲप मात्र ४०० च्या वर लावायला अडवत नाही. लावू देतं, आणि काढायच्या वेळी दाखवतं. मुलानं इतिहास उघडून पाहिला, दुसऱ्याच दिवशी त्यानं एकदा ५०० लावले होते. तो काही बोलला नाही.

मग जिंकण्याची मर्यादा. बोनसवरून कितीही जिंका, बोनसच्या पाच पटीपर्यंतच काढता येईल. दोन हजारांचे पाच पट दहा हजार. पडद्यावर २७,४०० दिसत असले तरी सगळं नीट पार पडलं असतं तरीही दहा हजारच. वरचे सतरा हजार चारशे फक्त दिसायला. आणि ते दोन हजार बोनसचे? ते कधीच मिळणारे नव्हते. खेळायला दिलेले, काढताना परत कापून घेणार असं लिहिलं होतं. लग्नात मुलाला घालायला दिलेला भाड्याचा शेला म्हणा, वरात संपली की परत.

आपले स्वतःचे हजारही अडकतात, हे लक्षात घ्या. अट पुरी व्हायच्या आधी पैसे काढायला गेलं तर बोनस आणि जिंकलेली रक्कम जप्त, आणि पुष्कळ ठिकाणी भरलेली रक्कमही सुटत नाही. शिवाय एका घरात, एका वायफायवर एकच खातं. आता सदाशिव पेठेतल्या खोलीत चार मुलं, चौघांचं वायफाय एक. चौघांनी बोनस घेतला तर चौघांची खाती बंद करायला कारण तयार. पैसे भरताना कोणी आधार विचारत नाही, पॅन विचारत नाही. काढताना आधार, पॅन, वीजबिल, हातात कागद धरून फोटो. आणि शेवटी सगळ्यांवर कडी करणारं वाक्य : कंपनी या अटी कधीही, न कळवता बदलू शकते.

भांडायला जायचं तर कुठे? पानाच्या तळाला पत्ता होता क्युरासाओचा. कॅरिबियन समुद्रातलं बेट आहे ते, वेनेझुएलाच्या जवळ. असल्या कितीतरी कॅसिनोंची नोंदणी तिथली असते. तो पत्ता खरा होता की तोही फक्त छापलेला, हे मला सांगता येणार नाही. खरा असला तरी आपण तालुक्याच्या गावी दोन खेटे घालताना दमतो.

मुलाच्या पडद्यावर एक हिरवी पट्टी होती, २६ टक्के भरलेली. त्याला वाटत होतं ते व्हेरिफिकेशन चालू आहे. ती पट्टी वेजरिंगची होती. एक लाख वीस हजारांपैकी ३१,२०० च्या पैजा झाल्या होत्या आणि चार दिवस उरले होते.

मग ते पाच हजार कशाचे?

इथपर्यंत जे पाहिलं त्या बोनसच्या अटी. चलाखीच्या, पण लिहिलेल्या. पाच हजारांचं मात्र अटींमध्ये कुठेही नाव नव्हतं. तो मेसेज टेलिग्रामवरून आला होता, 'मॅनेजर' म्हणवणाऱ्या कोणाकडून. ही सरळ फसवणूक. तुमचेच पैसे सोडवायला आधी पैसे भरा : कधी त्याला व्हेरिफिकेशन म्हणतात, कधी कर, कधी सिक्युरिटी. कराचं तर साफ खोटं. जिंकलेल्या रकमेवर आपल्याकडे ३० टक्के कर आहे, पण तो देणाऱ्यानं रकमेतून कापून घ्यायचा असतो, आपल्याला आधी भरायला लावून नाही. पाच हजार भरले की दहा मागतात. माणूस विचार करतो, सत्तावीस यायचेत, पाचानं काय होतंय. पडद्यावरचा आकडा मोठा का ठेवलेला असतो, ते यावरून समजा.

शिकलेली, व्यवहारी माणसं यात पडत नाहीत असं नाही. नागपूरच्या एका व्यापाऱ्याची तक्रार जुलै २०२३ मध्ये पोलिसांत आली. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून खातं उघडलं, सुरुवात आठ लाखांनी झाली, आधी जिंकत गेला, मग हरत गेला. तक्रार झाली तेव्हा आकडा ५८ कोटींवर होता. संशयिताच्या गोंदियातल्या घरी पोलिसांना कोट्यवधींची रोकड आणि सोनं मिळालं. सुरुवातीचं जिंकणं हाही एक बोनसच होता, असं मला वाटतं.

ओळखीच्या माणसानं लिंक दिली म्हणून विश्वास ठेवू नका. 'मित्राला जोडा, ५०० मिळवा' ही योजना सगळीकडे असते. काही ठिकाणी लिंक पाठवणाऱ्याला मिळणारं कमिशन जोडलेला माणूस जेवढं हरेल त्यावर ठरतं. भाच्याला मामेभावानं लिंक पाठवली, आणि भाचा हरला की मामेभावाला वाटा. पुष्कळदा त्या मामेभावालाही हे माहीत नसतं.

पैसे गेले कुणाच्या खात्यात?

मुलाला म्हटलं, आता पासबुक दाखव. बँकेचं ॲप उघडलं. चार भरणे, एकूण ९,०००. आणि चारही वेळा पैसे गेले होते चार वेगवेगळ्या माणसांच्या नावावर. कंपनीचं नाव कुठेच नाही. दोन नावं तर बायकांची होती.

मैत्रिणींनो, या ठिकाणी जरा थांबा, कारण इथे विषय थेट आपल्यापर्यंत येतो. या धंद्याला बँक खाती लागतात, शेकड्यानं लागतात. ती येतात कुठून? गरीब माणसांकडून, विद्यार्थ्यांकडून, आणि बायकांकडून. 'ताई, तुमचं खातं नुसतं पडून आहे. पासबुक, एटीएम आणि सिमकार्ड द्या, महिन्याला पाच हजार भाडं देतो.' असं विचारणारा गावात येऊन गेल्याचं दोन गटांनी मला सांगितलं आहे. लांबची गोष्ट नाही ही. मे २०२४ मध्ये पुणे ग्रामीण पोलिसांनी जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात एका इमारतीवर छापा घातला. महादेव बेटिंग ॲपशी जोडलेलं काम तिथे चालू होतं. नव्वदच्या आसपास माणसं ताब्यात घेतली, लॅपटॉप-मोबाइलचा ढीग सापडला. टोमॅटोच्या बाजारासाठी आपल्याला माहीत असलेलं नारायणगाव!

खातं भाड्यानं दिलं की त्यात आलेला पैसा कुणाच्या तरी फसवणुकीचा असतो. तक्रार झाली की खातं गोठतं, आणि पोलीस पहिल्यांदा खातेदाराच्या दारात येतात. अंगठा आपला, आधार आपलं. 'मला माहीत नव्हतं' हे सिद्ध करत बसावं लागतं. आणि तेच खातं लाडक्या बहिणीच्या पैशांचं असेल, गॅसच्या सबसिडीचं असेल, तर तेही अडकतं. गटाच्या खात्याचं तर नावही काढू द्यायचं नाही. सही करणाऱ्या दोघींनी हे बैठकीच्या नोंदवहीत लिहून ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायदा काय म्हणतो

आपल्या राज्यात जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून आहे. तेव्हा मोबाइल नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ त्यानं बंद केले, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे म्हणवणारे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. देशातल्या मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ तेव्हा बंद केले. पण परदेशात नोंदलेले आणि टेलिग्रामवरून चालणारे राहिलेच, आणि आता जे राहिले आहेत ते जास्त बेभरवशाचे आहेत.

आपल्यासाठी महत्त्वाचं हे, की या कायद्यात नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा नाही. म्हणून 'तक्रार केली तर पोरालाच आत टाकतील' या भीतीनं गप्प बसू नका. १९३० या नंबरला फोन लावायचा, जेवढ्या लवकर तेवढं बरं. पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर तो अडवता येण्याची शक्यता असते. फोन लावताना बँकेच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. टेलिग्रामवरचं बोलणं आणि ॲप रागानं पुसून टाकू नका, आधी त्यांचे फोटो काढा. मोबाइलवर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पानावरही तक्रार लिहिता येते. बँकेत लेखी अर्ज वेगळा द्यायचा आणि पोच घ्यायची.

आम्ही त्या रात्री स्टॉलच्या मागे उभं राहूनच १९३० ला फोन लावला. तक्रारीचा नंबर मिळाला. हे लिहीपर्यंत नऊ हजार परत आलेले नाहीत.

पाच हजारांचं कर्ज गटानं दिलं नाही. जानेवारीच्या बैठकीत ताईंनी वेगळा अर्ज केला, सहा हजारांचा. त्या नऊ हजारांतले सहा हजार मुलानं खोलीतल्या मित्राकडून उसने घेतले होते, ते फेडायला. बैठक दीड तास चालली. दोघींचं म्हणणं होतं की जुगाराच्या देण्याला गटाचा पैसा द्यायचा नाही, आज एकीला दिलं तर उद्या दुसरी येईल. बाकीच्यांचं म्हणणं होतं की नाही दिलं तर त्या खासगी सावकाराकडे जातील. शेवटी मुलाला बोलावलं. तो आला, सगळ्यांसमोर उभा राहिला, आणि हिरव्या पट्टीपासून सगळं त्यानं स्वतः सांगितलं. ताई पूर्ण वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. कर्ज मंजूर झालं, दहा हप्ते, नेहमीचा व्याजदर. त्या दोघींनी विरोध नोंदवायला सांगितला, तोही नोंदवला.

बैठकीत करून पाहण्यासाठी

पुढच्या मासिक बैठकीत बचत गोळा करून झाल्यावर हा खेळ करा. खरे पैसे घ्यायचे नाहीत, चिंचोके घ्या. ३७ चिठ्ठ्या करा, शून्य ते ३६. प्रत्येकीला ५० चिंचोके द्या. एक जण मालक होईल, तिच्याकडे मोठा डबा भरून ठेवा. दर फेरीला प्रत्येकीनं एका आकड्यावर एक चिंचोका लावायचा, चिठ्ठी काढायची आणि चिठ्ठी परत डब्यात टाकायची. जिचा आकडा लागला तिला तिचा एक आणि वर ३५ द्यायचे. बाकीच्यांचे मालकाकडे. पन्नास फेऱ्या झाल्या की किती जणींकडे पन्नासपेक्षा जास्त उरले ते मोजा, आणि मालकाचा डबा मोजा. पन्नास फेऱ्यांत कधी मालक हरेलही, तसं झालं तर आणखी पन्नास करा. जमलं तर मुलांना आणि मालकांनाही (घरातल्या!) बसवा. आलेले आकडे फेडरेशनच्या कार्यालयात कळवा, सगळ्या गटांची बेरीज करून पुढच्या अंकात छापू.